ओबामा की मॅकेन : इराणशी बोलायचं की धाक दाखवायचा?

२००८ची अमेरिकी अध्यक्षीय निवडणूक. इराणच्या अणुकार्यक्रमाचं काय करायचं, हा वाद. डेमोक्रॅट ओबामा म्हणत, इराणशी पूर्वअटींशिवाय बोलू. रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांना तो भाबडेपणा वाटे. लष्करी पर्याय हातचा सोडायचा नाही, हा त्यांचा हेका. व्हिएतनामच्या कैदेत साडेपाच वर्षं काढलेल्या माणसाचं हे मत, उडवून लावता येत नाही.

पण इराक आठवा. ज्या महासंहारक अस्त्रांसाठी अमेरिकेनं २००३मध्ये सैन्य घुसवलं ती सापडलीच नाहीत, आणि ४,४००च्या आसपास अमेरिकी सैनिक गेले. इराकी तर त्याहून कितीतरी जास्त. उलट ओबामांच्या काळात इराणशी झालेल्या २०१५च्या अणुकरारानं इराणचा समृद्ध युरेनियमचा साठा ३०० किलोंवर आणला. नतान्झच्या युरेनियम समृद्ध करणाऱ्या प्रकल्पावर आंतरराष्ट्रीय निरीक्षकांची नजर आणखी कडक झाली, एकही गोळी न झाडता. २०१८मध्ये ट्रम्प यांनी करारातून अंग काढून घेतलं, तरी माझं मत बोलणाऱ्यालाच. ओबामांनी अफगाणिस्तानात ३०,००० सैनिक वाढवले, ते मात्र आजही खटकतं.