रात्री उसाची ट्रॉली रस्त्यात बसली तर: नियंत्रण कक्ष की खांबावरचा रडार?

डिसेंबरातली रात्र, माजलगाव–तेलगाव रस्ता. उसाने लादलेल्या ट्रॉलीचं टायर फुटलेलं, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. ड्रायव्हरने मागे चार दगड मांडून त्यात बाभळीची फांदी खोचली होती. ती फांदी दिसली म्हणून मी वेळेत ब्रेक मारला. अपघात टाळणारी यंत्रणा निवडताना मला आधी ती फांदी आठवते. तुम्ही जे घ्याल त्याने निदान तेवढं काम तरी केलंच पाहिजे.

पर्याय दोन आहेत. एकात रस्त्यावरचे कॅमेरे फायबरने नियंत्रण कक्षाला जोडलेले असतात. तिथला माणूस पडद्यावर खात्री करतो, मग फलकावर सूचना लावतो, गस्तीची गाडी आणि 108 ला कळवतो. दुसऱ्यात खांबावर रडार, खाली पेटीत छोटा संगणक आणि पाचशे मीटर अलीकडे पिवळा ब्लिंकर. थांबलेलं वाहन दिसलं की ब्लिंकर तिथल्या तिथे लागतो, कक्षाला निरोप नंतर जातो.

खरा फरक सेकंदांचा आहे. ताशी 80 च्या वेगाने गाडी सेकंदाला 22 मीटर कापते. कक्षात खात्री करायला अर्धा मिनिट गेला, की गाडी साडेसहाशे मीटर पुढे आलेली असते. कारला थांबायलाच, ड्रायव्हरला कळेपर्यंतचा वेळ धरून, सव्वाशे मीटर लागतात आणि डिपरवर एवढं लांबचं दिसत नाही. वाहतूक खोळंबली की अपघात ओळखणारी यंत्रणाही आहे, पण रात्री दोन वाजता आपल्याकडे रांगच लागत नाही. ती सोडून द्या.

अंधार, धूळ, समोरच्या हेडलाइटचा झोत, यातलं काहीच रडारला अडवत नाही. सौर पॅनेल आणि बॅटरीवर तो चालतो, जेसीबीने फायबर तोडली तरी ब्लिंकर लागतो. पण कोण अडकलंय, किती जखमी आहेत, हे त्याला सांगता येत नाही. तिथे कॅमेराच हवा. लाकडी बैलगाडीचा प्रतिसादही त्याला लोखंडापेक्षा क्षीण मिळतो. आणि विनाकारण लागणारा ब्लिंकर तर घातकच, चार दिवसांत लोक त्याकडे बघणं सोडतात. विझण्याचंही तसंच. ट्रॉली निघून जाते, दगड तिथेच राहतात आणि मागून येणारा मोटारसायकलवाला त्यांवर आदळतो. म्हणून रस्ता मोकळा झाला की ब्लिंकर आपोआप विझलाच पाहिजे.

701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाला कुंपण आहे, प्रवेश ठरावीक ठिकाणीच आहे. तिथे नियंत्रण कक्ष शोभतो. कन्नडच्या घाटात दोन्ही लागतील: वळणांवर रडार, आणि ट्रक अडकला तर वर कन्नडकडे व खाली चाळीसगावकडे वाहतूक कुठे रोखायची हे ठरवायला कॅमेरे.

बीड, लातूर, धाराशिवच्या दुपदरी रस्त्यांसाठी पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर मी रडार-ब्लिंकर घेईन. निविदेत मात्र अट घाला: चाचणी गाळप हंगामात, रात्री, दोन्ही बाजूंनी रस्ता बंद करून, दिवा नसलेली ट्रॉली आणि एक बैलगाडी उभी करून.