एव्हबरी : शिळांच्या आधी तट पाहावा

इंग्लंडमधील विल्टशायरचे एव्हबरी जगातील सर्वांत मोठ्या शिळावर्तुळासाठी प्रसिद्ध असले, तरी माझ्या मते या स्थळाचे खरे वैभव त्या वर्तुळाभोवतीच्या मातीकामात, म्हणजे सुमारे ४२० मीटर व्यासाच्या तटात आणि त्याला लागून असलेल्या खंदकात आहे. खंदक आत आणि तट बाहेर, ही रचना संरक्षणाच्या दृष्टीने अगदीच उलटी आहे. त्यामुळे हा किल्ला नसून विधींसाठी आखलेली जागा असावी, असे अभ्यासक मानतात.

आज हिरवळीने भरलेला हा खंदक फारसा धाक वाटावा असा दिसत नाही. मात्र हॅरॉल्ड सेंट जॉर्ज ग्रे यांनी १९०८ ते १९२२ या काळात टप्प्याटप्प्याने केलेल्या उत्खननात त्याचा मूळ तळ सुमारे ९ मीटर खाली लागला आणि ही सारी चुनखडी नवाश्मयुगीन माणसांनी हरणांच्या शिंगांच्या कुदळींनी फोडल्याचे दिसून आले. हे ठाऊक असल्याशिवाय तटावरून फेरी मारण्यात अर्थ नाही. पायवाटेवर गवत झिजले आहे तिथे पांढरी चुनखडी उघडी पडते, आणि नवा असताना हा तट किती झगझगीत दिसत असेल, याची कल्पना येते. झीज भरून यावी म्हणून त्याचे काही भाग अधूनमधून बंद ठेवतात. त्याबद्दल कुरकुर करू नये.

शिळांना येथे हात लावता येतो, ही मोठीच सवलत. १९३०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर केइलर यांनी पडलेल्या व पुरलेल्या अनेक शिळा पुन्हा उभ्या केल्या आणि हरवलेल्यांच्या जागी काँक्रीटचे छोटे खुंट बसवले. मला हा प्रामाणिकपणा फार आवडला.

उणीव एकच, पण ठळक. वर्तुळातच गाव असून भर वाहतुकीचा रस्ता त्यातून जातो, त्यामुळे निवांतपणाची अपेक्षा ठेवणाऱ्याचा विरस होईल. प्रवेश विनामूल्य आहे. वाहनतळ आणि संग्रहालय यांचे शुल्क मात्र स्थळाची देखभाल करणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेचे सदस्य नसलेल्यांना सहसा द्यावे लागते. लंडनहून रेल्वेने स्विंडन आणि तेथून बस, हा मार्ग सोयीचा आहे. चरणाऱ्या मेंढ्यांमुळे आणि ओल्या चुनखडीमुळे उतार निसरडे होतात, तेव्हा पकड असलेले बूट घालूनच जावे.