बाकी एक, व्याज चार: क्रेडिट कार्डासोबतचे चौदा महिने

कार्ड घेऊन चौदा महिने झाले. त्यातले तेरा महिने मी भेटेल त्याला 'घे रे, वेळेवर भरलं की फुकटच आहे' असं सांगत फिरत होतो. चौदाव्या स्टेटमेंटवर, म्हणजे महिन्याच्या बिलावर, व्याजाची ओळ दिसली, म्हणून लिहायला बसलो. लिमिट किती, विमानतळावर लाउंज मिळतो का, हे इथे सापडणार नाही. ते माहितीपत्रकात रंगीत अक्षरांत असतं.

झालं असं. स्टेटमेंट आल्यावर चार दिवसांनी एक वस्तू परत केली आणि तिचा रिफंड कार्डावर जमा झाला. मी तेवढी रक्कम टोटल ड्यूमधून (बिलाच्या एकूण रकमेतून) वजा केली आणि उरलेले सगळे पैसे ड्यू डेटच्या, म्हणजे भरायच्या शेवटच्या तारखेच्या, दोन दिवस आधी भरून मोकळा झालो. बिल १०० धरा, तर रिफंड होता १. म्हणजे भरले ९९. माझ्या मते हिशेब चोख.

पुढच्या स्टेटमेंटवर व्याज ४.

एकावर चार! सावकार परवडला. कस्टमर केअरला पहिला फोन केला, तर 'सर, ते सिस्टीमनेच लावलंय.' दुसऱ्यांदा वीस मिनिटं नुसतं संगीत ऐकलं. तिसऱ्या वेळी मात्र एका बाईंनी शांतपणे हिशेब मांडला. बिनव्याजी मुदत टोटल ड्यू पूर्ण भरणाऱ्यालाच मिळते. थोडीही रक्कम कमी पडली की ती सवलत जाते आणि प्रत्येक खरेदीवर खरेदीच्या तारखेपासून व्याज धरलं जातं. माझ्या खरेद्या पैसे भरायच्या सरासरी ४० दिवस आधीच्या, दर महिना ३ टक्के. १०० वर ४० दिवसांचे बरोबर ४. व्याज त्या उरलेल्या एकावर नव्हतंच, अख्ख्या शंभरावर होतं.

आणि रिफंड? स्टेटमेंटनंतर आलेला रिफंड पुढच्या बिलात धरतात, या बिलाचा भरणा म्हणून नाही. निदान माझ्या कार्डाचा तसा नियम आहे. तुमच्या कार्डाचा काय आहे ते आजच बघा.

इथवर लिहून झाल्यावर अटींची पीडीएफ उघडली, जी चौदा महिन्यांत एकदाही उघडली नव्हती. सगळं लिहिलेलं आहे, मुंगीएवढ्या अक्षरांत, पण आहे. त्यामुळे वर 'लुबाडणूक' असा शब्द होता तो खोडला. सावकार तसाच ठेवलाय.

चिकटपणा म्हणाल तर म्हणा, पण हेही मोजलं: माझं कार्ड १०० च्या खर्चाला पॉइंटांच्या रूपात ०.५ परत देतं. महिन्याला १०० चा खर्च धरला तर चार म्हणजे आठ महिन्यांचे पॉइंट, एका ओळीत गेले.

शेपूट अजून आहे. बाकी राहिली असेल त्या काळात केलेल्या नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणून सगळी बाकी चुकती होईपर्यंत कार्ड कपाटात टाकलं. तरीही पुढच्या स्टेटमेंटवर किरकोळ व्याज आलंच, स्टेटमेंटची तारीख ते मी पैसे भरले ती तारीख, एवढ्या दिवसांचं. तेव्हा पुन्हा फोन केला नाही.

ॲपमध्ये 'मिनिमम ड्यू भरा' (बिलातला कमीत कमी भरायचा हिस्सा) हे बटण सगळ्यात ठसठशीत आहे, याचा राग मात्र कायम आहे. मिनिमम भरल्यावर लेट फी वाचते, व्याज वाचत नाही. महिना ३ टक्के म्हणजे चक्रवाढीने वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर. दर महिन्याला बाकीच्या ५ टक्केच भरत राहिलात आणि नवीन काहीही घेतलं नाहीत, तरी बाकी निम्मी व्हायला ३२ महिने लागतात. मी ऑटो-पे (बिल खात्यातून आपोआप भरायची सोय) तपासलं तर तिथेही आधीपासून 'मिनिमम'वरच खूण होती. मी ती हलवून 'टोटल'वर आणली.

बरं काय आहे, तेही सांगतो. एकदा एकच व्यवहार दोनदा कापला गेला. तक्रार केली, चौकशी होईपर्यंत ती रक्कम मागितली नाही, मग रद्दच केली. डेबिट कार्डावर हेच झालं असतं तर तोवर पैसे माझ्या खात्यातून गेलेले असते. मोठी खरेदी स्टेटमेंटच्या दुसऱ्या दिवशी केली तर जवळपास ५० दिवस बिनव्याजी मिळतात, तेही वापरलं. कार्डावर रोख काढायच्या फंदात पडलो नाही, त्याला बिनव्याजी दिवसच नसतात.

कार्ड बंद केलेलं नाही. आता रिफंड येवो न येवो, टोटल ड्यूचा आकडा जसाच्या तसा भरतो, वर थोडे जास्तच. या क्षणी बँकेकडे माझे २ जास्तीचे पडून आहेत. त्यावर त्यांच्याकडून मिळणारं व्याज: शून्य.