चवड्याची हाडं मोजायची: व्हर्निअर, काटकोन की कमान?

सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, भरायची तारीख जवळ आली की सोलापुरातला ऑर्थोचा, म्हणजे अस्थिरोगशास्त्र शिकणारा, एखादा पोरगा हमखास विचारतो, "सर, मेटाटार्सल मोजायचा विषय घेतोय, पद्धत कुठली धरू?" मेटाटार्सल म्हणजे बोटांच्या मागची, चवड्यातली पाच लांब हाडं. मी उलटा प्रश्न टाकतो: हाडाची लांबी हवी की ते किती पुढे आलंय ते हवं? बहुतेकांना दोन्ही एकच वाटतं.

तसं नसतं. पाचांत पहिलं, म्हणजे अंगठ्यामागचं, मेटाटार्सल सगळ्यात आखूड आणि जाड, दुसरं सगळ्यात लांब. पण दुसऱ्याचं बूड क्यूनिफॉर्म नावाच्या मागच्या दोन हाडांमधल्या खाचेत मागे रुतलेलं असतं, त्यामुळे त्याची बरीचशी लांबी तिथेच मुरते. म्हणून पहिलं हाड आखूड असूनही त्याचं डोकं, म्हणजे पुढचं टोक, दुसऱ्याच्या बरोबरीला, कधी पुढेही येऊ शकतं.

अ‍ॅनाटॉमीतली सुटी हाडं आणि व्हर्निअर, म्हणजे बारीक मापाची सरकपट्टी, घेतलीत तर लांबी मिलिमीटरच्या अंशापर्यंत नेमकी मिळते. रेडिएशन नाही, पेशंटची मनधरणी नाही. मात्र पेटीतली पाच हाडं एकाच पायाची आहेत याची खात्री कोण देणार? आणि पाय जुळवलेला नसेल तर कोण पुढे, कोण मागे हे कळायचा मार्गच उरत नाही. विषय निव्वळ लांबीचा असेल तरच ही वाट धरा.

जिवंत पायावर बोटं मोजणं तर विसराच. अंगठ्यापेक्षा दुसरं बोट लांब असलेली सून नवऱ्यावर वरचढ, हे आपल्याकडे आजीपासून ऐकलेलं. पण बोटाच्या लांबीत पुढच्या पेऱ्यांचाही वाटा असतो, त्यावरून मागचं मेटाटार्सल कळत नाही.

राहिला एक्स-रे. तो उभ्यानेच काढा, दोन्ही पायांवर भार देऊन, नळी टाचेकडे साधारण १५ अंश कललेली. झोपवून काढलेल्या फिल्मवर चवडा पसरतच नाही. खरी तुलना सुरू होते ती फिल्म हातात आल्यावर.

काटकोनाची पद्धत मॉर्टन यांच्या नावाने ओळखली जाते. दुसऱ्या मेटाटार्सलचा अक्ष, म्हणजे मधोमध जाणारी उभी रेघ, काढायचा, त्याच्या टोकाला काटकोनात रेघ मारायची आणि पहिल्याचं डोकं तिच्या पुढे की मागे ते पाहायचं. पट्टी-पेन्सिलीत काम होतं. हार्डी आणि क्लॅफम यांची १९५१ची पद्धत कमानीची. पायाच्या मधल्या भागातल्या मिडटार्सल सांध्यांवरून आडवी रेघ काढायची, दुसऱ्याचा अक्ष मागे वाढवून तिला जिथे भेटतो तो केंद्रबिंदू, आणि तिथून दोन्ही डोक्यांवरून कमानी काढून त्यांच्यातलं अंतर मोजायचं. वेळ जास्त जातो, आणि फिल्ममध्ये मागचे सांधे स्पष्ट आलेले लागतात.

मग हा खटाटोप कशाला? अंगठा वाकून त्याच्या बुडाशी हाड बाहेर आलेले पाय घ्या, यालाच हॅलक्स व्हॅल्गस म्हणतात. समजा ६० मिलिमीटरचं पहिलं मेटाटार्सल दुसऱ्याशी ८ अंशांत होतं, ते १६ अंशांवर फाकलं. हाड कणभरही झिजलेलं नाही, तरी काटकोनाच्या मापात त्याचं टोक जवळपास १.७ मिलिमीटर मागे जातं. 'बरोबर' आणि 'आखूड' यांतला निकाल अनेकदा एवढ्याशा अंतरावर फिरतो! म्हणजे हॅलक्स व्हॅल्गसमध्ये पहिलं हाड आखूड असतं असा निष्कर्ष तुमच्या पट्टीनेच तयार केलेला असू शकतो. कमानीत ही चूक कमी होते, पूर्ण जात नाही.

तिसरी मेस्ट्रो यांची मांडणी, सगळ्या पाच हाडांची. पहिलं आणि दुसरं बरोबरीत, मग तिसरं ३, चौथं आणखी ६, पाचवं आणखी १२ मिलिमीटर मागे. पहिल्याच्या डोक्याखाली सेसमॉइड नावाची दोन छोटी हाडं असतात, त्यांतल्या बाहेरच्या सेसमॉइडच्या मध्यातून पायाच्या अक्षाला काटकोनात काढलेली रेघ चौथ्याच्या डोक्यातून जावी. सेसमॉइड हे नाव तिळावरून पडलंय. संक्रांतीला भरणाऱ्या आमच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, असेल तर विसरायला नको. शस्त्रक्रियेत हाड कापून किती आखूड करायचं हे ठरवताना मेस्ट्रोच कामाला येतो.

मागावर दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या दुसऱ्या बोटाखाली घट्टा दिसला की आखूड पहिल्या हाडावर बोट ठेवायचा मोह होतो. जरा थांबा. हॅरिस आणि बीथ यांनी १९४९मध्ये कॅनडाच्या सैनिकांच्या पायांवर लिहिताना दाखवलं की असं आखूड हाड धडधाकट पायांतही सर्रास सापडतं. भार बघायचा तर तो वेगळा मोजा.

माझं मत विचाराल तर पाय सरळ असतील, फिल्म भरपूर असतील तर काटकोन चालेल. अंगठा वाकलेले पाय असतील तर कमानच, आणि सोबत दोन मेटाटार्सलमधला कोनही नोंदवा. मोठं केलेलं चित्र असेल तर मिलिमीटरऐवजी पहिल्या-दुसऱ्याचं गुणोत्तर धरा. आणि नावं झाकून त्याच फिल्म पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा. मी मोजल्या होत्या, तेव्हा काही पाय 'आखूड'मधून उठून 'बरोबर'मध्ये जाऊन बसले होते.