जांघेतला हर्निया: चिरा देऊन की दुर्बिणीतून?

माझी दोन्ही ऑपरेशनं झाली आहेत. उजवीकडचा हर्निया 2013 मध्ये चिरा देऊन केला, डावीकडचा 2021 मध्ये दुर्बिणीतून. आता धाकटा भाऊ विचारतोय, म्हणून हे लिहून काढलं.

हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या फटीतून आतला भाग गोळ्यासारखा बाहेर येणं. ती फट झाकायला जाळी दोन्ही पद्धतींत बसते. चिरा दिला तर ती पुढून बसते, दुर्बिणीतून केलं तर स्नायूंच्या मागून. (जाळी नकोच असेल, तर पुण्याच्या डॉ. मोहन देसरडांची पद्धत आहे. तीत आपल्याच स्नायूच्या पडद्याची पट्टी वापरतात. मला तिचा अनुभव नाही.)

चिऱ्याच्या वेळी कमरेत भुलीचं इंजेक्शन दिलं होतं. त्या रात्री लघवी अडकली, नळी घालावी लागली. पण ते एका रात्रीचं. खरा जाच पुढे झाला. चिरा जांघेच्या जरा वर, तिरका असतो आणि चड्डीचं इलॅस्टिक नेमकं त्यावरच येतं. खुर्चीत बसलं की पँटची घडीही तिथेच रुतते. टाके भरले तरी दोन-अडीच महिने मी घरात लुंगीवर होतो, आणि ऑफिसात दर अर्ध्या तासाने उठून उभा राहायचो. चिऱ्याखालचा तळहाताएवढा भाग आजही बधिर आहे.

दुर्बिणीच्या वेळी बेंबीपाशी आणि तिच्याखाली तीन छोटी छिद्रं. तिसऱ्या दिवशी नेहमीची पँट घातली, तेव्हाच माझ्यापुरता निकाल लागला. खोकताना मात्र पोटाशी उशी धरावी लागलीच. आठवड्याने तिथेच पुन्हा गोळा हाताला लागला आणि मी हादरलो. ते नुसतं पाणी साचलेलं होतं, महिन्याभरात आपोआप जिरलं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर दोन रात्री झोप लागली असती.

खर्च दुर्बिणीचा जास्त, आणि भूल पूर्ण लागते. हृदय किंवा फुप्फुसं कमजोर असतील, पूर्वी प्रोस्टेटचं मोठं ऑपरेशन झालं असेल, तर चिराच बरा पडू शकतो. तो जागेपुरती भूल देऊनही होतो. दोन्ही बाजूंना हर्निया असेल, किंवा चिऱ्यानंतर परत उद्भवला असेल, तर मी दुर्बिणीकडेच झुकेन. गोळा आत जाईनासा झाला, दुखून उलट्या सुरू झाल्या, तर मात्र निवड करत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

भावाला मी दुर्बीण सुचवली आहे. पण त्याच्या गावच्या सर्जनचा हात चिऱ्यावर बसलेला आहे आणि त्याचा त्यांच्यावर विश्वास आहे. तो तिकडेच गेला, तर सैल नाडीचे चार पायजमे आधीच शिवून घे, एवढं सांगून ठेवलंय.