परसातलं अ‍ॅक्वापोनिक्स, १६ महिन्यांनंतर: आधी पंप कुठे ठेवलाय ते बघा

पिंपळगावला माझ्या मावसबहिणीने गेल्या महिन्यात परसात अ‍ॅक्वापोनिक्सचा किट बसवला. म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी पंपाने खडीच्या वाफ्यात चढवायचं, माशांच्या घाणीवर भाजी वाढते आणि पाणी निथळून परत टाकीत येतं. माझा ज्या विक्रेत्याचा आहे, त्याचाच. रविवारी बघायला गेले. खडीचे वाफे तसेच, माशांची हजार लिटरची टाकी तशीच, पण पंप टाकीत नव्हता. शेजारी एक वेगळी बुटकी टाकी होती. सगळं पाणी फिरून तिच्यात उतरत होतं आणि पंप तिच्यात होता. माशांच्या टाकीची पातळी बोटभरही हलत नव्हती. मी तिथूनच विक्रेत्याला फोन लावला. तो म्हणाला, "हो ताई, जानेवारीपासून डिझाइन बदललंय. जुन्यात टाकी रिकामी व्हायच्या तक्रारी येत होत्या."

माझी टाकी रिकामी झाली एप्रिलमध्ये.

जानेवारीत त्याने जुन्या गिऱ्हाइकांना एक फोन केला असता, निदान एक मेसेज टाकला असता, तर माझे एकतीस मासे वाचले असते. हा राग धरूनच लिहायला बसले आहे, पण जे चांगलं आहे तेही सांगणार आहे, कारण किट मी मोडलेला नाही आणि मोडणारही नाही.

आम्ही निफाड तालुक्यात राहतो. घरामागे दिरांची द्राक्षबाग, विहिरीचं पाणी जड. गेल्या वर्षी जूनमध्ये किट घेतला, ३८ हजारांना. चार बाय चारचे दोन वाफे, फूटभर खोल. विक्रेता भाजलेल्या मातीच्या गोळ्या घ्या म्हणत होता, त्यांचेच वेगळे अकरा हजार होत होते. मी क्रशरवरून काळ्या दगडाची खडी आणली, पाव ब्रासपेक्षा थोडी जास्त. मूठभर खडीवर व्हिनेगर ओतून बघितलं. आपला काळा दगड फसफसत नाही, पण त्यात कुठे कुठे पांढरे खडे असतात ते फसफसतात. ते पाण्यात राहिले तर पीएच आणखी वर नेतात. सासूबाईंनी आणि मी दोन दुपारी बसून ते वेचून काढले. खडी तीनदा धुतली. गोळ्यांचे पैसे वाचले आणि सोळा महिन्यांत त्यांची उणीव एकदाही भासली नाही.

मासे लगेच सोडू नका, एवढं त्या विक्रेत्याने बरोबर सांगितलं होतं. घाणीतला अमोनिया पचवणारे जीवाणू आधी खडीत वाढावे लागतात, म्हणून नुसतं खाद्य टाकून पाणी फिरवत ठेवलं. अमोनिया चढला, मग नायट्राइट चढलं, मग दोन्ही खाली येऊन नायट्रेट, म्हणजे झाडांचं खत, दिसायला लागलं. पाच आठवडे गेले. आमच्या पाण्याचा पीएच आठच्या वर, आणि पीएच जितका जास्त तितका तोच अमोनिया माशांना अधिक घातक. म्हणून घाई केली नाही. ऑगस्टमध्ये रूपचंद माशाची चाळीस बोटुकली सोडली. गिफ्ट तिलापिया या माशाला परवानगी लागते, त्या भानगडीत पडले नाही.

डिसेंबरपर्यंत मला कुणी विचारलं असतं तर मी दहापैकी नऊ गुण दिले असते. अळूची पानं सुपाएवढी झाली. पुदिना तर आवरेना. पालक, आंबट चुका, चेरी टोमॅटो, सगळं छान. मेथी मात्र करू नका, बी खडीतून खाली निसटतं आणि चार काड्या उगवतात. रोज शंभर-सव्वाशे ग्रॅम तरंगतं खाद्य घालायचं, एवढंच काम. दोन वाफ्यांना तेवढं खत पुरतं. भाजीवाल्याकडून अळू आणायचं आम्ही सोडूनच दिलं.

ऑक्टोबरात टोमॅटोची कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. मला काही कळेना. भाऊजींनी लांबूनच बघून सांगितलं, "वहिनी, लोह कमी आहे. बागेला देतो तेच द्या." माशांच्या खाद्यातून झाडांना बाकी बरंच मिळतं, लोह पुरेसं मिळत नाही, आणि पीएच आठच्या पुढे असला की आहे तेही झाडाला घेता येत नाही. झाडाला घेता येईल अशा रूपात बांधलेलं लोह, म्हणजे चिलेट, लागतं, तेही ईडीडीएचएचं; स्वस्तातलं ईडीटीए या पाण्यात टिकत नाही. ४० ग्रॅम सगळ्या पाण्यात मिसळते, दर तीन आठवड्यांनी. पाणी लालसर होतं, घाबरू नका, माशांना काही होत नाही. किटबरोबरच्या माहितीपत्रकात लोहाबद्दल एक ओळ नाही. द्राक्षवाल्याच्या घरात नसते तर मी टोमॅटो उपटून टाकले असते.

त्याच बागेची एक भीतीही आहे. बोर्डोची, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाची, फवारणी चालू असली की ब्लोअरचं धुकं परसापर्यंत येतं, आणि मोरचूद माशांना विष आहे. भाऊजी आदल्या रात्री सांगतात, मी टाकीवर ताडपत्री ओढते. ज्यांच्या शेजारी बाग आहे त्यांनी शेजाऱ्याशी आधी बोलून ठेवा.

मग थंडी आली. निफाडचा पारा दरवर्षी बातमीत असतो. लोक बागेत शेकोट्या पेटवत होते आणि माझ्या टाकीचं पाणी सकाळी सोळा अंशांवर. रूपचंद उष्ण पाण्याचा मासा. खाणं बंद, अंगावर बुरशी, जानेवारीत नऊ मेले. राहिले एकतीस. तेव्हा मी किटला दोष दिला होता, तो चुकीचा होता. मासा निवडण्यात माझी चूक झाली. नाशिककडे, विशेषतः निफाड पट्ट्यात, रूपचंद सोडू नका.

आता एप्रिल. द्राक्षाच्या खरड छाटणीचे दिवस, सगळे दमून झोपलेले. वाफा भरला की आपोआप भसकन रिकामा करणारी निचऱ्याची नळी असते, तिला बेल सायफन म्हणतात. पुदिन्याची मुळं वाढत वाढत तिच्या आत गेली होती आणि रात्री कधीतरी त्यांनी निचऱ्याचा पाइप पुरता बंद केला. वाफा भरला, काठावरून वाहायला लागला, पाणी उतारावरून बागेकडे गेलं. पंप माशांच्या टाकीच्या अगदी तळाशी, तसाच ठेवा असं माहितीपत्रकातल्या चित्रात आहे. तो पाणी वर ढकलत राहिला. दोन-तीन तासांत टाकीत चार बोटं गढूळ पाणी उरलं. माशांना हवा देणारा एअर पंप चालू होता, पण त्याचा बुडबुडे सोडणारा दगड टाकीत मध्यावर लोंबत होता, तो हवेतच फुरफुरत होता. पहाटे सासूबाई फुलं तोडायला गेल्या, त्यांनी हाक मारली. काही मासे तेव्हाही तोंड उघडत होते. टबात घातले, एकही जगला नाही. आठ महिने वाढवलेले मासे. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

पंपही कोरडा चालून जळाला. वॉरंटी एक वर्षाची, दहावा महिना चालू होता. विक्रेत्याचं उत्तर: कोरडा चालवलेला पंप वॉरंटीत बसत नाही. मी विचारलं, कोरडा मी चालवला की तुमच्या चित्राने? तीन आठवडे फोन, फोटो, पुन्हा फोन. शेवटी नवा पंप अर्ध्या किमतीत दिला. तेव्हा मला ती तडजोड बरी वाटली होती. जानेवारीपासून त्याला सगळं ठाऊक होतं हे रविवारी कळलं, आणि आता तसं वाटत नाही.

मे महिन्यात मी काय बदललं ते सविस्तर सांगते, कारण जुन्या धाटणीचा किट अजून कितीतरी घरांत असणार.

पंपाखाली विटा रचल्या. पंपाचं तोंड तळापासून एक फूट वर आणलं. आमच्या टाकीत एक फूट म्हणजे साधारण ३०० लिटर पाणी. वर काहीही फुटो, तुंबो, निसटो, पंप त्याच्याखालचं पाणी ओढूच शकत नाही. विटा घरच्याच होत्या, एक रुपया खर्च नाही. एअर पंपाचा दगडही तळाशी नेला. पंप कोरडा पडून पुन्हा जळू नये म्हणून गच्चीवरच्या टाकीला लावतात तसला फ्लोट स्विच लावला, पाणी खाली गेलं की तो पंप बंद करतो. विक्रेता म्हणतो की पंप उचलला की घाण तळाशी साठते. साठते, खरं आहे. आठवड्यातून एकदा नळीने तळाचा गाळ ओढून कढीपत्त्याला आणि लिंबाला घालते, पंधरा मिनिटांचं काम. दोन्ही झाडं बहरली आहेत.

बेल सायफन काढून टाकला. आधी तो मला फार आवडायचा, भरताना आणि भसकन रिकामा होताना बघत बसायचे. पण कधी सुटायचाच नाही, कधी बंदच व्हायचा नाही. आता सरळ दीड इंची उभा पाइप, कुठे वळण नाही, बुडाशी निचऱ्याला लहान भोक. भोक मुळांनी बुजलं तरी पाणी पाइपाच्या तोंडातून टाकीतच परत येतं. पंपाला टायमर लावला, तासात पंधरा मिनिटं चालू, पाऊण तास बंद. चाळीस वॉटचा पंप अखंड चालायचा तेव्हा महिन्याला २९ युनिट खायचा, आता सात. एअर पंपाचे अकरा वेगळे, पण तो बंद ठेवायचाच नाही. तो बॅटरीवाला घ्या, लाईट गेली की आपोआप बॅटरीवर चालणारा. पुदिना वाफ्यातून उपटून कुंडीत लावला.

मासे आता सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, आहेत. त्याला काटे जास्त, चव रूपचंदहून साधी, पण थंडी सोसतो. चाळीस सोडले होते, छत्तीस आहेत, मोठे ३५० ग्रॅमच्या आसपास. डिसेंबरात पहिले काढू. खाद्याची वीस किलोची गोणी साधारण अकराशेला पडते, तेव्हा बाजारापेक्षा स्वस्त मासा मिळेल म्हणून कुणी हे करू नका. ताज्या भाजीसाठी करा. ती खरोखर मिळते.

रविवारी पिंपळगावहून आल्यावर मी एक केलं. वाफ्याकडे जाणारी नळी काढून मुद्दाम बाहेर अंगणात सोडली आणि पंप चालू केला. पाणी उतरत गेलं, विटा दिसायला लागल्या, फ्लोट लोंबला, पंप बंद पडला. टाकीत फूटभर पाणी. सासूबाई वाकून बघत होत्या. छत्तीस मोजले त्यांनी, दोनदा.