न्हाणीतलं भाण उतरवायचं, तर त्याच्या जागी काय?

गोव्यात साखळी गावाला ताईच्या न्हाणीत अजून तांब्याचं भाण, म्हणजे आंघोळीचं पाणी तापवायचं मोठं भांडं, बसवलेलं आहे. खाली चूल, शेजारी सोडणं (नारळाच्या सोललेल्या साली) आणि चुडतांचा (माडाच्या वाळक्या झावळ्यांचा) ढीग. पहाटे पाचला ती चूल पेटवते. पावसाळ्यात सोडणं दमट असली की जाळ लागेपर्यंत धूर न्हाणीतच कोंडतो. गेल्या जूनमध्ये तिचा खोकला महिनाभर हटला नाही आणि डॉक्टरांनी पहिला प्रश्न चुलीचाच विचारला. आता मागच्या अंगणात पाहुण्यांसाठी चार खोल्या झाल्यात, आणि भाची दहावी होऊन आयटीआयचा फॉर्म भरायच्या तयारीत आहे. घरात दोन निर्णय एकदमच आलेत: पाणी कशावर तापवायचं आणि मुलीने कोणता ट्रेड घ्यायचा. मी दोन्हींचा हिशेब एकत्रच मांडला.

थंड देशांत हाच प्रश्न खोल्या उबदार ठेवण्याचा असतो. पोलंडमधल्या क्राकुफ शहराने १ सप्टेंबर २०१९पासून घरात कोळसा आणि लाकूड जाळायला बंदी घातली. त्याच वर्षी मे महिन्यात मंगोलियाच्या उलानबातरमध्ये कच्च्या कोळशावर बंदी आली आणि लोकांना कोळशाच्या दाबलेल्या विटा मिळाल्या. पण पुढची थंडी सुरू होताच तिथे कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधा झाल्या. नुसतं इंधन बदलून भागत नाही, शेगडी, धुराडं आणि हवा येण्याजाण्याची वाट तपासणारं माणूसही लागतं. गोव्यात खोल्या तापवाव्या लागत नाहीत. आपली सगळी गरज न्हाणीपुरती, पण हा धडा तिथेही लागू होतो.

आधी गरज मोजू. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे १.१६ वॉट-तास लागतात, आणि हजार वॉट-तास म्हणजे विजेचं एक युनिट. आपल्याकडे टाकीतलं पाणी साधारण २७ अंशांचं धरा. २० लिटरची बादली ४२ अंशांवर न्यायची तर जेमतेम ०.३५ युनिट वीज लागते. चौघांच्या चार बादल्या म्हणजे दिवसाला १.४ युनिट, महिन्याला ४२ च्या आसपास. टाकीतून उष्णता झिरपते ती वेगळी, तरी आकडा लहानच राहतो. हा हिशेब मांडण्याआधी मीही सगळ्यांना सोलर हीटरच घ्या म्हणून सांगत होतो. चौघांच्या घरासाठी आता तसं सांगणार नाही.

कारण सोलर हीटर वाचवून वाचवणार काय, तर हे ४२ युनिट, आणि तेही उन्हाच्या महिन्यांत. गरम पाण्याची खरी ओढ लागते ती जून ते सप्टेंबर. तेव्हा आभाळ भरलेलं असतं आणि टाकीतली विजेची कॉइलच चालवावी लागते. शिवाय ताईचं जुनं घर कौलारू. २०० लिटरची टाकी भरली की नुसतं पाणीच २०० किलो, त्यात टाकी आणि स्टँडचं वजन वेगळं. मंगळुरी कौलांखालच्या जुन्या वाशांवर ते चढवायला मी तयार नाही. स्लॅब असला तरी वर माड आहेत का ते बघा. माडाची सावली हीटरच्या पाणी तापवणाऱ्या काचनळ्यांवर फिरत राहते, आणि वरून नारळ पडला तर नळी फुटतेच. थंड पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच हवी, नाहीतर नळाला धार लागत नाही. ही गोष्ट बऱ्याच घरांत बसवून झाल्यावर लक्षात येते.

छत मोकळं असेल तर त्यावर विजेची पॅनेल बसवणं मला जास्त पटतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट आणि त्यापुढच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे. ते वीज बनवणाऱ्या पॅनेलला मिळतं, पाणी तापवणाऱ्या नळ्यांना नाही. दुकानात दोन्हींना ‘सोलर’च म्हणतात आणि तिथे गल्लत होते. पॅनेलची वीज पंख्याला, फ्रिजला, पंपाला, गिझरला कशालाही चालते.

तेव्हा घरासाठी १० किंवा १५ लिटरचा, जास्त तारे असलेला साठवणीचा गिझर पुरे. १५ लिटर पाणी २७ वरून ६० अंशांवर न्यायला २ किलोवॅटच्या कॉइलला सतरा-अठरा मिनिटं लागतात. आंघोळीआधी वीस मिनिटं लावा आणि बंद करा. अर्थिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडून तपासूनच घ्या. जुन्या घरांत ते नावापुरतंच असतं.

गॅस गिझर स्वस्त पडतो आणि पाणी लगेच देतो, हे खरं. पण बंद न्हाणीत तो लावायचा नाही. ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस आत बेशुद्ध पडलं तरी बाहेर कळत नाही. ताईच्या न्हाणीला एकच हातभर झरोका आहे, तोही पावसात ती गोणपाटाने झाकते. त्यामुळे मी तिला सरळ नको म्हटलं. गिझर बाहेरच्या भिंतीवर, उघड्यावर बसवता येत असेल तरच विचार करा.

आता चार खोल्या. इथे सगळं गणित पालटतं. पाहुणा बादलीने नाही, शॉवरने आंघोळ करतो. एका आंघोळीला ५० लिटर पाणी ४० अंशांवर धरलं तर पाऊण युनिट. आठ पाहुणे, समुद्रावरून आल्यावर पुन्हा एकदा, म्हणजे सोळा आंघोळी, दिवसाला १२ युनिट. महिनाभर खोल्या भरलेल्या असतील तर ३६०. इथे हीट पंप घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

हीट पंप म्हणजे उलटा फ्रिज. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून तो पाण्यात सोडतो, त्यामुळे एक युनिट वीज खाऊन तीन युनिटांएवढी उष्णता देऊ शकतो. हवा जितकी कोमट तितकं त्याचं काम सोपं, आणि आपल्याकडे ती बाराही महिने कोमट असते. ३६० चे १२० युनिट होतात. त्याला उन्हाची गरज नाही, धो धो पावसातही तो चालतो. वीज गेली तरी टाकीत तापलेलं पाणी कित्येक तास गरम राहतं. उणी बाजूही सांगतो. किंमत गिझरच्या कितीतरी पट. पंख्याचा आवाज असतो, म्हणून पाहुण्यांच्या खिडकीखाली तो बसवू नका. किनाऱ्याजवळ खारा वारा त्याच्या पातळ पत्र्या खातो. साखळीला ती भीती कमी, कळंगुट-मोरजीला जास्त. आणि टाकी खोल्यांना लागूनच ठेवा. आतून १५ मिलिमीटर व्यासाच्या पाइपात दर १० मीटरला पावणेदोन लिटर पाणी थंड होऊन पडतं, पाहुणा नळ सोडून तेवढं वाया घालवतो.

खरी अडचण दुरुस्तीची आहे. एका ओळखीच्या घरी हीट पंप बिघडला तेव्हा विक्रेत्याचा माणूस यायला तीन आठवडे लागले, ऐन डिसेंबरात. मशीन चांगलं होतं, फक्त आतला, फ्रिजमध्ये असतो तसला गॅस गळून गेला होता. एसी दुरुस्त करणारा कुणी जाणता जवळ असता तर एका दुपारचं काम. इथेच भाचीचा प्रश्न येऊन मिळतो.

तिच्यापुढे तीन ट्रेड होते. सोलर टेक्निशियन एका वर्षाचा, लवकर हात चालू होतो. पण त्यातलं बहुतेक काम छतावरचं, आणि पावसाळ्यात ते थंडावतं. इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा, पाया पक्का, पुढे वायरमनच्या परवान्याची वाट. तो झाल्यावर सूर्यमित्रासारखं छोटं प्रशिक्षण घेऊन सोलरकडेही वळता येतं. तिसरा रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंग, तोही दोन वर्षांचा. मी याच्या बाजूने आहे. मार्च ते मे एसीची धावपळ, ऑक्टोबरपासून हॉटेलांचा हंगाम, आणि पावसाळ्यात बंद खोल्यांची देखभाल. हीट पंपाचं पोट उघडलं की कॉम्प्रेसर, कॉइल, गॅस, सगळं तेच. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातले ८८ खाणपट्टे रद्द केल्यावर डिचोली, सत्तरीत खाणींच्या ट्रकवर पोट असलेली घरं कशी बसली ते ताईने शेजारी पाहिलंय. मुलीचा हात एकाच धंद्याला बांधलेला नको, ही तिची अट मला रास्त वाटते.

ताईचा खरा आक्षेप वेगळा होता: मुलगी परक्या घरी एकटी पाना घेऊन कशी जाणार? मी तिला एवढंच विचारलं की खोल्यांत बायका उतरलेल्या असतात तेव्हा दुरुस्तीला एक मुलगी आली तर तुला कसं वाटेल. ती थोडा वेळ गप्प राहिली. येण्याजाण्याची काळजी मात्र खरीच आहे. काम किनाऱ्यावर आणि घर साखळीला, संध्याकाळी उशीर झाला तर कदंबच्या सरकारी बसच्या भरवशावर राहता येत नाही. म्हणून पहिली अप्रेंटिसशिप डिचोली किंवा म्हापशातच शोधायची आणि स्कूटर शिकायची, असं दोघींनी ठरवलं.

घरासाठी १५ लिटरचा गिझर बसवून झाला. हीट पंपासाठी दोन विक्रेत्यांना एकच प्रश्न विचारून ठेवलाय: गॅस भरणारा तुमचा माणूस कुठल्या गावात राहतो? एकाने म्हापसा सांगितलं, दुसऱ्याचं उत्तर अजून यायचंय. भाण ताईने उतरवलेलं नाही. चूल मात्र विझवली आहे, आणि सोडणं आता माडांच्या आळ्यात जातात.